माझ्या रोल नंबरवरची उत्तरं

पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या तासाला स्क्रीनवर लाल अक्षरं आली की मी घाईघाईनं ती विंडो खाली ढकलायचो. शेजारच्याला दिसू नये म्हणून. सर म्हणायचे, "एरर नीट वाचा, त्यातच उत्तर असतं." मी वाचायचो. शब्द सुटे सुटे कळायचे, सगळं मिळून काय म्हणायचंय ते कळायचं नाही. विचारायचं म्हटलं तर प्रश्न इंग्रजीत जुळवावा लागे, आणि तो जुळेपर्यंत तास संपायचा.

आमचं गाव कडेगावच्या पुढं, जिथून ऊस संपतो आणि माळ सुरू होतो तिथं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. वडील मेंढरांमागं फिरले, त्यांचे वडीलही. त्यामुळं कऱ्हाडला कॉलेजात आल्यावर काय अडलं तर कुणाला विचारायचं, हेच मला माहीत नव्हतं. मग मी एक वही केली. डाव्या पानावर लाल अक्षरं आहेत तशी उतरून घ्यायची. उजव्या पानावर मराठीत लिहायचं, की हे असं का म्हणतंय आणि मी काय केल्यावर थांबलं. सुरुवातीला फार साध्या गोष्टी होत्या. ओळीच्या सुरुवातीची जागा कमी-जास्त झाली. कंस उघडला, बंद केला नाही. फाईल एका फोल्डरात आणि आपण शोधतोय दुसऱ्यात.

ती वही होस्टेलवर फिरू लागली. मराठी माध्यमातून आलेली पोरं माझ्यासारखीच विंडो खाली ढकलत होती, हे मला तेव्हा कळलं. वहीच्या झेरॉक्स निघाल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या, अक्षरं पुसट होत गेली. दुसऱ्या वर्षाला मी त्याची एक साइट केली, फुकटच्या जागेवर. नाव ठेवलं 'अडलंय'. कुणीही यावं, अडलेलं लिहावं, ज्याला येतंय त्यानं सांगावं. नियम दोनच होते. प्रश्न जसा तोंडात येतो तसा लिहायचा, आणि कुणी कुणाला हसायचं नाही.

सहा महिन्यांत तिथं माझ्या ओळखीची नसलेली माणसं लिहू लागली. सांगलीच्या डिप्लोमाची मुलं, आटपाडी-जतकडची, कुणी तहसीलसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारे. कॉलेजातली बहुतेक मुलं वाचून निघून जायची. लिहायची ती बाहेरची माणसं.

त्यात एक ताई होत्या. कुपवाडला एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या ऑफिसात कामाला. त्यांचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. लिहायचं तर आधी फोन करून विचारायला हवं होतं, आणि तो फोन मला करता आला नाही.

त्यांचं पहिलं उत्तर माझ्याच प्रश्नावर होतं. गावाच्या यादीची फाईल उघडली की मराठी नावांच्या जागी चौकटी आणि प्रश्नचिन्हं दिसायची. मी दोन दिवस झगडत होतो. त्यांनी लिहिलं, "फाईल लिवताना अक्षरं एका पद्धतीनं बांदलीत, तुम्ही सोडताना दुसऱ्या पद्धतीनं सोडताय. नावं गेली नाहीत, आतच आहेत. कुठल्या पद्धतीनं बांदलंय ते आधी सांगा त्याला." आणि खाली एक ओळ, जी घातल्यावर माझी सगळी यादी समोर उभी राहिली. 'लिवताना' आणि 'बांदलीत' ही त्यांनी तशीच ठेवली होती. मीही बदलली नाहीत.

हळूहळू फोनवर बोलणं सुरू झालं. त्या बाहेरून बी.ए. झाल्या होत्या. वर्कशॉपमध्ये त्यांचं काम म्हणजे कुठल्या मशिनवर कुठला पार्ट किती वेळ चालला त्याच्या चिठ्ठ्या गोळा करून संगणकात भरायच्या. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर व्हिडिओ बघून त्या प्रोग्रॅमिंग शिकल्या. दिवसभराचं ते भरण्याचं काम त्यांनी एका प्रोग्राममध्ये बसवलं, ते चहा पिऊन होईपर्यंत संपायला लागलं.

"मग मालक खूश झाले असतील," मी म्हणालो.

"लय खूश," त्या म्हणाल्या. "म्हणाले, ताई, तुमचं काम लवकर उरकतंय न्हवं, तर मग दुपारी पॅकिंगला बसत जावा. आता अर्धा दिवस नट मोजती आन् पिशव्या शिवती. शाणपणा केल्याचं बक्षीस."

त्या हसल्या, मीही हसलो. पण त्यांना तिथून निघायचं होतं. सांगलीत दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारं एक छोटं ऑफिस होतं. तिथं प्रोग्रामर म्हणून लागायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. डिग्री त्या विषयातली नव्हती. दाखवायला काय, तर वर्कशॉपमधला तो प्रोग्राम, जो मालक बाहेर न्यायला देणार नव्हते, आणि 'अडलंय'वरची उत्तरं. "ही उत्तरं हाच माजा दाखला," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. मी ते ऐकलं होतं. मला ते नीट आठवतं, म्हणून लिहितोय.

आणि ती उत्तरं खरंच चांगली होती. माझी उत्तरं पुस्तकातून उतरवल्यासारखी असायची. त्यांची वेगळी. प्रोग्राममध्ये एकच नाव आत एक आणि बाहेर दुसरंच कसं असू शकतं, हे कुणाला कळत नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, "मला माहेरी एका नावानं हाक मारतात, सासरी लग्नात दुसरं ठेवलं. सासरच्या दारात उभं राहून माहेरचं नाव कितीबी पुकारा, कोण ओ देत नाही. बाई तीच असली तरी उंबऱ्याच्या आत आतलंच नाव चालतं. फंक्शनचा उंबरा तसाच असतो." ते वाचून माझ्या वर्गातल्या मुलांनाही पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी फुकटची जागा बंद होणार असा मेल आला. महिन्याभरात सगळं हलवा, नाहीतर जाईल. मी विभागातल्या सरांकडे गेलो. ते भले होते, हे मला आधीच सांगायला हवं. वसतिगृहात माझं नाव त्यांनीच शब्द टाकून लावलं होतं. त्यांनी साइट पाहिली, बराच वेळ खाली-वर करत राहिले आणि म्हणाले, "हे तू केलंस? आधी का नाही सांगितलंस? विभागाच्या सर्व्हरवर टाक. कमिटी येणार आहे तपासणीला, त्यांना दाखवता येईल. विद्यार्थ्यांचा उपक्रम."

मला फार बरं वाटलं. आपलं काहीतरी कॉलेजला दाखवण्यासारखं आहे, असं पहिल्यांदाच झालं होतं.

विभागाच्या सर्व्हरवर एक अडचण होती. तिथं प्रत्येक नोंदीला रोल नंबर लागायचा. तो रिकामा ठेवला की नोंद आत जायचीच नाही. आणि निम्म्याहून जास्त उत्तरं बाहेरच्यांची होती.

"मग बाहेरची वगळ," सर म्हणाले.

"सर, ती वगळली तर काही राहत नाही."

"तर मग कुणाच्या तरी नंबरवर टाक. तुझ्याच टाक. माझी हरकत नाही."

"पण ती माझी नाहीत सर."

"अरे, नोंदीपुरतं. कमिटी जाऊ दे, मग एक रकाना वाढवू, मूळ लेखक म्हणून. तू आठवण कर मला."

मी बाहेर येऊन जिन्यात उभं राहून ताईंना फोन केला. सगळं सांगितलं. तुमची उत्तरं तात्पुरती माझ्या नावावर टाकू का, असं विचारलं. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"टाक की रं भावा. इचारतोस काय? माजं शिमकार्ड दिराच्या नावावर हाय, बोलतीया मीच न्हवं? स्कुटी भावाच्या नावावर हाय, फिरवतीया कोण?"

"तसं नाही ताई, उद्या तुम्हाला दाखवायचं झालं तर…"

"तवा सांगू की, माजं हाय, नाव फकस्त ह्याचं हाय. त्यात काय एवढं?"

हे बाहेरच्या कुणाला चमत्कारिक वाटेल, पण आमच्याकडं कुणालाच वाटणार नाही. आमच्या घरचा गॅस मामाच्या नावावर आहे. आमच्या विहिरीवरचं विजेचं मीटर अजून वारलेल्या चुलत आजोबांच्या नावावर आहे आणि बिल दर वेळी त्यांनाच येतं. कागद एकाचा आणि वस्तू दुसऱ्याची, यात खोटं काही नाही, कारण वस्तू कुणाची ते साऱ्या गावाला माहीत असतं. तो कागद गावाबाहेर गेला की काय होतं, याचा विचार आम्ही करत नाही. ताईंनी केला नाही. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, मीही केला नाही. किंवा केला आणि पुढं गेलो. आता नक्की सांगता येत नाही.

चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. जिथं नंबर रिकामा, तिथं माझा नंबर. बटण दाबलं आणि पाण्याचा एक घोट घेईपर्यंत सगळं माझं झालं. जुनी जागा महिनाअखेरीला बंद पडली. तिथली नावं गेली.

कमिटी आली तेव्हा मला इस्त्रीचा शर्ट घालून प्रयोगशाळेत थांबायला सांगितलं होतं. तीन पाहुणे होते. त्यातल्या एकांनी उंबऱ्याचं ते उत्तर मोठ्यानं वाचलं आणि दोनदा 'वा' म्हणाले. "इतकं साधं करून सांगणं सोपं नसतं. कोणी लिहिलंय?" सरांनी माझ्याकडं हात केला. मी उभाच होतो, तरी आणखी सरळ उभा राहिलो. म्हणालो, "थँक्यू सर."

एवढंच. थँक्यू सर. मी खोटं बोललो असं कुणाला सिद्ध करता येणार नाही. मला तेव्हा एक वाक्य जास्त बोलायचं होतं. पण पाहुणे पुढच्या टेबलाकडं गेले, आणि ते गेले याचं मला हायसं वाटलं.

रकान्याची आठवण मी सरांना केली नाही. आधी परीक्षा होती. मग सुट्टी. मग वाटलं, आता आठवण केली तर सर म्हणतील, इतके दिवस का नाही बोललास.

कॉलेजनं 'अडलंय'बद्दल प्रमाणपत्र दिलं, ते घेऊन मी गावाला गेलो. आईनं ते देव्हाऱ्याशेजारी उभं केलं. वडिलांना वाचायला नीट येत नाही. त्यांनी बहिणीला सांगितलं, "ह्यानं काय लिवलंय ते वाच बगू. कळू दे तर आमाला." बहिणीनं माझ्या मोबाईलवर साइट उघडली आणि तिला जे सर्वांत वर दिसलं ते वाचलं. तेच, माहेर-सासरचं.

वडील तंबाखू मळत ऐकत होते. मध्येच हसले. पूर्ण झाल्यावर म्हणाले, "झकास सांगितलंय. पर हे बाईमाणसाचं बोलणं हाय की रं. तुला कसं सुचलं?"

बहीण माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "असंच. सुचलं."

"आसं सुचत न्हाई," वडील म्हणाले. "ते जिच्यावर गेलंय तिलाच सुचतं." पण पुढं त्यांनी विचारलं नाही. मळलेली तंबाखू तोंडात टाकली आणि वाघुरीच्या जाळ्यात कोंडलेली मेंढरं बघायला गेले. तीन पाहुण्यांना, सरांना, साऱ्या विभागाला जे ऐकू आलं नाही ते त्यांना एकदा ऐकून कळलं. त्या दिवशी तरी मी परत येऊन दुरुस्त करायला हवं होतं. मी दोन दिवस लवकर कऱ्हाडला परतलो, ते फक्त घरात बसवेना म्हणून.

शेवटच्या वर्षाला कंपन्या आल्या. एका पुण्याच्या कंपनीच्या मुलाखतीत बाकीचं मला बेतास बात आलं. मग त्यांनी 'अडलंय' उघडलं, आणि पुढचा अर्धा तास त्याच्यावरच बोलणं झालं. मराठीतून असं कधी पाहिलं नाही, म्हणाले. मी चांगलं बोललो. साइट मी उभी केली होती, ते खरंच होतं. उत्तरांबद्दल त्यांनी स्वतंत्र विचारलं नाही आणि मी स्वतंत्र सांगितलं नाही. माझी निवड झाली. नेमणुकीचं पत्र महिन्याभरात येणार होतं, आधी ते सगळी कागदपत्रं तपासणार होते.

त्याच दिवसांत ताईंचा फोन आला. नेहमी त्या "काय भावा" म्हणून सुरुवात करायच्या. त्या दिवशी नुसतं "हॅलो" म्हणाल्या.

सांगलीच्या त्या ऑफिसात त्यांना मुलाखतीला बोलावलं होतं. त्यांनी अर्जात 'अडलंय'ची लिंक दिली होती आणि आपली उत्तरं कुठली त्याची यादी. समोरच्या माणसानं लिंक उघडली, आणि स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली.

"म्हणाला, मॅडम, हितं तर कुणा पोराचं नाव हाय, इंजिनीअरिंग कॉलेजचं. मी म्हटलं, व्हय, नाव त्याचं हाय, लिवलंय मी. तर दोघं एकमेकांकडं बघून हासली रं. एक बाई होती बसलेली, ती बी हासली. म्हणाली, असं नावावर करून देतात का ओ उत्तरं? सात-बारा हाय का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हटलं, मला काय बी इचारा, हितल्या हितं सोडवून दावती. त्यांनी इचारलं, मी सोडवलं बी. तर म्हणाले, काम येतंय तुमाला, पर खोटं का बोललात? पहिल्याच दिवशी खोटं बोलणारं माणूस आमी कसं घ्यायचं?" मग म्हणाल्या, "मला आजपतूर कोण खोटारडी म्हटलेलं न्हाई. सासूसुदीक."

"मग?"

"मग काय. म्हणाले, कॉलेजचं पत्र आणा, सोमवारपतूर. हे तुमी लिवलंय म्हणून. सरांची सही, शिक्का. तेवढं आण भावा. तेवढंच पायजे. घरात बी सांगून बसलीया मी, हितलं सोडणार म्हणून."

मी आणतो म्हणालो.

सर त्या दिवशी घाईत होते, तरी त्यांनी मला बसवलं. सगळं ऐकलं. नंतर दार लोटून घेतलं.

"हे बघ," ते म्हणाले, "कमिटीचा अहवाल गेलाय. त्यात ही सगळी उत्तरं विद्यार्थ्यांची म्हणून आहेत. आता मी शिक्का मारून लिहिलं, की ही कुपवाडच्या एका बाईंची आहेत, तर आपण कमिटीला काय सांगितलं होतं?"

"पण सर, तुम्हीच म्हणाला होता, नंतर रकाना…"

"म्हणालो होतो. तू आठवण केलीस का?"

"नाही सर."

"मला पत्र देता येणार नाही. तू तुझ्या सहीनं दे. तुझी नोंद आहे, तू लिहून देऊ शकतोस. मी अडवत नाही." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "फक्त तुझंही पत्र यायचंय अजून. ते तपासतात सगळं. काय लिहायचं ते विचार करून लिही."

त्यांनी मला धमकावलं नाही. माझ्याच काळजीनं बोलले. त्याचाच मला आजही जास्त राग येतो. त्यांनी ओरडून मना केलं असतं, तर कदाचित मी लिहिलं असतं.

मी लायब्ररीत बसून पत्र लिहिलं. पहिल्या कागदावर लिहिलं, "सोबतच्या यादीतली सर्व उत्तरे यांनी लिहिलेली आहेत. ती माझ्या रोल नंबरवर आहेत, परंतु माझी नाहीत." वाचून बघितलं. हा कागद पुण्याला पोचला तर, असं वाटलं. सांगलीतून पुण्याला कशाला कोण कळवणार होतं? पण वाटलं. वडील, देव्हाऱ्याशेजारचं प्रमाणपत्र, गावात सगळ्यांना सांगून झालेली नोकरी, सगळं एकदम आठवलं. तो कागद मी फाडला. दुसऱ्यात 'बरीचशी उत्तरे' लिहिलं. तोही फाडला, तिसराही. चौथ्या कागदावर जे उरलं ते असं होतं: "सदर ज्ञानसंग्रहाच्या निर्मितीमध्ये यांचे मोलाचे सहकार्य लाभले आहे." खाली सही केली.

सोमवारच्या आदल्या शनिवारी मी एसटीनं सांगलीला आणि तिथून सहा आसनी रिक्षानं कुपवाडला गेलो. वर्कशॉपच्या फाटकासमोर दुचाक्यांची रांग होती. जेवणाची सुट्टी झाली, आणि निळ्या ॲप्रनवर तेलाचे डाग पडलेल्या एक बाई सरळ माझ्याकडं आल्या. आम्ही पहिल्यांदाच एकमेकांना बघत होतो. माझ्या कल्पनेपेक्षा त्या उंच होत्या. हातात स्टीलचा डबा होता.

"लय बारीक हायस की रं. फोनवर जाडजूड वाटतोस," त्या म्हणाल्या. "जेवलास का? चल, अर्धी भाकरी खा."

"नको ताई. गाडी आहे परत." गाडी काही लगेच नव्हती.

त्यांनी हात ॲप्रनला पुसले आणि मी पुढं केलेलं पाकीट उघडलं. कागद छोटासा होता, वाचायला काहीच वेळ लागायचं कारण नव्हतं. त्या बराच वेळ वाचत राहिल्या. मग उलटा करून मागं काही आहे का ते बघितलं.

"शिक्का?"

"सर नाही म्हणाले."

"बरं." परत कागदाकडं बघितलं. "मोलाचं सहकार्य. आमच्या गल्लीच्या गणपतीत मांडववाल्याला म्हणत्यात हे, शेवटच्या दिवशी. नारळ देताना."

"ताई, माझंही पत्र यायचंय अजून. त्यामुळं मला…"

"तुला लागली का नोकरी?" त्यांना हे माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

"हो. म्हणजे, लागेल. पुण्यात."

मला वाटलं आता बोलतील. म्हणजे मला तेच हवं होतं, त्यांनी शिव्या द्याव्यात, फाटकातल्या सगळ्यांसमोर द्याव्यात. त्या म्हणाल्या, "ग्वाड झालं. आईबापाचं नशीब." आणि कागद घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला.

"चालेल का हे?" मी विचारलं. इतका निर्लज्ज प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारलेला नाही.

"बगू की. न्हाई त्या परीस बरं." मग जाता जाता थांबून म्हणाल्या, "लिवायला येत न्हाई आसं न्हाई तुला. येतंय. म्हणून म्हटलं."

मंगळवारी त्यांचा एक मेसेज आला. "त्यांनी इचारलं सहकार्य म्हंजी टायपिंग का." बाकी काही नव्हतं. मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, खोडलं. संध्याकाळपर्यंत काहीच पाठवलं नाही, आणि नंतर पाठवण्यात अर्थ उरला नाही.

माझं पत्र वेळेत आलं. मला कुणी काही विचारलं नाही. पुण्यात कामाला लागून सहा महिने झाल्यावर, म्हणजे आता आपल्याला काही होत नाही याची खात्री झाल्यावर, मी विभागाला मेल लिहिला की त्या उत्तरांवरचं नाव बदला. सर तोवर दुसऱ्या कॉलेजात गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या मॅडमनी सभ्यपणे कळवलं की जुन्या नोंदी आता बंद केल्या आहेत. वाचता येतात, खाली प्रश्न विचारता येतात, बदलता येत नाहीत. खरं पत्र, पहिल्या कागदावरचं, मी पुन्हा लिहून सही करून ताईंना पोस्टानं पाठवलं. पोचलं असावं. परत आलं नाही. त्या अजून कुपवाडलाच आहेत, एवढं मला माहीत आहे.

'अडलंय'वर आता नवीन फारसं कुणी लिहीत नाही. बाहेरच्यांना लिहिता येत नाही आणि कॉलेजातली पूर्वीही लिहीत नव्हती. पण वाचणारे येतात, आणि नोंदी माझ्या नावावर असल्यानं खालचे प्रश्न मला मेलवर येतात. "खूप छान सर." "दादा, धन्यवाद, तुमच्यामुळं पास झालो." हे मी उघडून वाचतो. का वाचतो ते माहीत नाही.

मागच्या आठवड्यात एका मुलीचा प्रश्न आला. फाईलमधल्या तारखांचा दिवस आणि महिना उलटा होतो, त्यावर ताईंचं एक लांब उत्तर आहे. मुलीनं लिहिलं होतं, की तिच्या यादीत बारा तारखेपर्यंतच्याच तारखा उलटतात, पुढच्या नीट राहतात, आणि नेमक्या कुठल्या उलटल्या ते आता ओळखायचं कसं? परवा प्रोजेक्ट द्यायचा आहे. मी तो प्रश्न ताईंना मोबाईलवर पाठवला. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही, आणि यावं अशी माझी अपेक्षा असायला नको होती.

मग मी स्वतःच बसून काहीतरी जुळवलं आणि पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिचा मजकूर आला: "सर, नाही होत. आता तर सगळ्याच उलटल्या. वरचं उत्तर तुम्हीच लिहिलंय ना? त्यात इतकं सोपं करून सांगितलंय. तसंच सांगा ना."